कागद अडतो कोठे?

(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि कार्यालयीन कर्मचारी यांच्या प्रशिक्षण वर्गात माहिती खात्यातील एका अधिकाऱ्याने केलेल्या भाषणाचा मजकूर.)



आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर ‘युनिक्स प्रणालीवरील नेटवर्क मुद्रण : उभारणी व दोषनिवारण’ असा छापला आहे. हे नाव वाचून सभागृहातील निम्मी मंडळी चहाच्या सुट्टीची वाट पाहू लागली असतील, तर त्यात त्यांचा दोष नाही. मी स्वतः कला शाखेचा पदवीधर आहे. या विषयात मला जे कळते ते पुस्तकातून कमी आणि बंद पडलेल्या यंत्रांपुढे ताटकळत उभे राहून अधिक कळले आहे. म्हणून आरंभ व्याख्येपासून न करता एका प्रसंगापासून करतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते. एका कार्यालयात मी कामानिमित्त बसलो होतो. त्या कार्यालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. ते कोणतेही असू शकले असते. डोळखांबच्या पलीकडील एका पाड्यावरून एक बाई आल्या. मुलाला वसतिगृहात प्रवेश मिळावा म्हणून त्यांना दाखला हवा होता. दाखला मंजूर झालेला होता, संगणकाच्या पडद्यावर दिसतही होता. केवळ कागदावर उतरायचा राहिला होता. “प्रिंटर बंद आहे, उद्या या,” असे त्यांना सांगण्यात आले. बाईंनी वाद घातला नाही. परतीच्या एस.टी.ला किती अवकाश आहे एवढे विचारून त्या निघून गेल्या. दिवस भातलावणीचे. एक रोज बुडाला होता, दुसरा बुडणार होता. दुसऱ्या दिवशी त्या आल्या तेव्हा कार्यालयाने नवे टोनर आणून बसविले होते, तरी कागद येईना. तिसऱ्या दिवशी बाहेरगावाहून एक तरुण जाणकार आला. त्याने प्रिंटरला हातसुद्धा लावला नाही. संगणकासमोर बसून त्याने एक ओळ टंकली आणि त्याच दाखल्याच्या एकामागून एक तेवीस प्रती बाहेर पडल्या. तीन दिवसांत ज्याने ज्याने येऊन कळ दाबून पाहिली होती, त्या प्रत्येकाची आज्ञा रांगेत तशीच उभी होती.

प्रिंटर बंद नव्हताच. बंद होती ती रांग. आणि तीन दिवसांत रांगेकडे कोणी पाहिलेच नव्हते.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला. अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत देणे पदनिर्देशित अधिकाऱ्यावर तेव्हापासून बंधनकारक झाले आहे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. अर्ज, मंजुरी, स्वाक्षरी हे सर्व तारेवरून होऊ लागले. पण बाईंच्या हातात पडतो तो अजून कागदच. म्हणून या शेवटच्या हातभर अंतराला मी महत्त्व देतो. ‘आमच्या भागातील माणसांना हे तांत्रिक काम जमणार नाही’ हा आक्षेप मला मान्य नाही. मुरबाड तालुक्यातील धसई गावाने १ डिसेंबर २०१६ रोजी रोकडविरहित व्यवहाराचा प्रयोग सुरू केला, तेव्हा कार्ड घासण्याची यंत्रे चालविणारे लोक किराणा दुकानदारच होते.

आता युनिक्सविषयी दोन शब्द. ही संगणक चालविणारी प्रणाली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली जन्मास आली. तिचा पहिला खरा कार्यालयीन उपयोग १९७१ च्या सुमारास झाला, तो कोणत्या अवघड गणितासाठी नव्हे, तर त्याच संस्थेच्या पेटंट विभागातील अर्जांचे मसुदे तयार करून टंकून काढण्यासाठी! म्हणजे अर्ज नीटनेटका कागदावर यावा, हे आपले रोजचे काम या प्रणालीच्या बाळपणापासून तिच्याकडे आहे. आज आपल्या टेबलावर मूळचे युनिक्स क्वचितच आढळते. आढळते ते त्याच वळणाचे लिनक्स. सी-डॅक या भारत सरकारच्या संस्थेने २००७ साली आणलेली ‘बॉस’ ही प्रणाली लिनक्सच आहे. काही शाळांतून व सेवा केंद्रांतून उबुंटू दिसते, तेही लिनक्सच. ज्यांच्याकडे विंडोज आहे त्यांनीही कान बंद करू नयेत. प्रिंटरपर्यंत जाणारी वाट पुष्कळशी तीच आहे.

युनिक्सच्या मुद्रणात प्रारंभी दोन घराणी होती. एक बर्कली विद्यापीठाचे, ‘एलपीआर’ या आज्ञेचे; दुसरे ए.टी. अँड टी. कंपनीच्या सिस्टिम फाइव्हचे, ‘एलपी’ या आज्ञेचे. पुढे मायकेल स्वीट यांनी तयार केलेली ‘कप्स’ ही व्यवस्था १९९९ साली आली आणि तिने दोन्ही घराण्यांच्या आज्ञा आपल्या पोटात घेतल्या. ॲपलच्या संगणकांत २००२ पासून तीच आहे आणि लिनक्सवरही बहुतेक ठिकाणी तीच आढळते. म्हणून यापुढे मी जे सांगणार आहे ते ‘कप्स’विषयी आहे असे समजावे.

या व्यवस्थेत कागदाचा प्रवास कसा होतो? आपण सारे सरकारी पद्धतीत वाढलेली माणसे आहोत, त्यामुळे आपल्याला हे समजण्यास अडचण पडू नये. आपण ‘छापा’ म्हटले की मजकूर थेट प्रिंटरकडे जात नाही. तो आधी संगणकातील एका कप्प्यात, म्हणजे रांगेत, जमा होतो. तेथे त्याला क्रमांक मिळतो. मग एक अनुवादक कार्यक्रम त्या मजकुराचे प्रिंटरला समजेल अशा भाषेत रूपांतर करतो. शेवटी एक निरोप्या ते रूपांतर घेऊन नेटवर्कवरून प्रिंटरच्या पत्त्यावर जातो. म्हणजे आवक, कार्यवाही आणि जावक!

ही उपमा मी केवळ शोभेसाठी देत नाही. कप्समध्ये प्रत्येक रांगेला खरोखरच दोन स्वतंत्र दारे आहेत. नवे काम रांगेत घ्यावयाचे की नाही हे ठरविणारे आवकेचे दार एक. रांगेतील काम प्रिंटरकडे पाठवावयाचे की नाही हे ठरविणारे जावकेचे दार दुसरे. आवक चालू आणि जावक बंद अशी स्थिती असेल तर कळ दाबणाऱ्याला सर्व सुरळीत भासते. संगणक तक्रार करीत नाही, काम स्वीकारतो, क्रमांक देतो आणि कागद मात्र येत नाही. आमच्या गोष्टीतील तेवीस प्रती अशाच साचल्या होत्या. जावकेचे दार ‘कप्सएनेबल’ या आज्ञेने उघडते, आवकेचे ‘कप्सॲक्सेप्ट’ने. आज्ञेपुढे रांगेचे नाव लिहावयाचे, आणि सर्व अक्षरे रोमन लिपीतील लहान. कोणते दार उघडे व कोणते बंद हे ‘एलपीस्टॅट’ या आज्ञेपुढे जोडचिन्ह व ‘टी’ हे अक्षर लिहिले की पडद्यावर दिसते. आजच्या भाषणातून एकच गोष्ट घरी न्यावयाची असेल तर ती ही आज्ञा न्यावी.

जावकेचे दार आपोआप बंद कसे होते, असे कोणी विचारील. निरोप्या अपयशी होऊन परतला तर रांग थांबवावी, अशी कप्सची मूळची नेमणूक आहे. वाट पाहत एकामागून एक कामे वाया घालविण्यापेक्षा थांबून माणसाला विचारावे, असा त्यामागील विचार. तो चुकीचा नाही; पण विचारलेले ऐकणारा माणूस जागेवर हवा. प्रिंटर पुन्हा चालू केला म्हणजे रांगही चालू होते, असे नाही. ज्या केंद्रात जाणकार माणूस नाही तेथे ही नेमणूक बदलून ‘थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करावा’ अशी करून ठेवणे मला शहाणपणाचे वाटते.

आता आपल्या भागातील मुख्य दुखण्याकडे येतो. खर्डी, कसारा, टोकावडे, माळशेजचा पायथा, या पट्ट्यात पाऊस कसा पडतो आणि वीज कशी जाते हे मी आपणास सांगावे असे नाही. वीज गेली की कार्यालयातील राउटर बंद पडतो आणि आली की पुन्हा जागा होतो. हा राउटर म्हणजे नेटवर्कमधील प्रत्येक यंत्राला पत्ता वाटणारा तलाठीच. पण पुष्कळशा साध्या राउटरांना, वीज जाऊन आल्यावर, पूर्वी कोणाला कोणता पत्ता दिला होता याची आठवण राहत नाही. जो आधी मागेल त्याला आधीचा पत्ता. काल ज्या प्रिंटरचा पत्ता १९२.१६८.१.५ होता त्याचा आज १९२.१६८.१.९ होतो. संगणकाच्या वहीत मात्र जुनाच पत्ता असतो. निरोप्या तेथे जातो, हाक मारतो, कोणी ओ देत नाही. प्रिंटर हिरवा दिवा लावून शांत बसलेला, संगणकही ठीक. आणि पाच जण मिळून टोनर हलवून पाहत असतात.

याहून मजेदार प्रकार म्हणजे जुना पत्ता भलत्यालाच मिळणे. संगणकावरून ‘पिंग’ या आज्ञेने हाक मारली तर ओ येते आणि आपण निश्चिंत होतो. पण ओ देणारा कोणाचा तरी खिशातला मोबाइल असतो! म्हणून केवळ ओ आली यावर विसंबू नये. बहुतेक नेटवर्क प्रिंटर आपल्या स्वतःच्या माहितीचे एक पान छापून देतात. त्यावर त्याचा आजचा पत्ता असतो. तो आणि संगणकाच्या वहीतील पत्ता शेजारी ठेवून पाहावा. पावसाळ्यातील कितीतरी तक्रारी येथेच मिटतात. कायमचा उपाय म्हणजे राउटरमध्ये त्या प्रिंटरच्या नावे एक पत्ता राखून ठेवणे. या कामास पैसा लागत नाही. लागतो तो राउटरचा परवलीचा शब्द, आणि तो सहसा राउटर बसवून गेलेल्या माणसालाच ठाऊक असतो. ही आपली खरी अडचण आहे. तो शब्द आजच मागून घ्यावा व कार्यालय प्रमुखांच्या ताब्यात बंद पाकिटात ठेवावा.

नवी रांग उभारताना कप्सला तीन गोष्टी सांगाव्या लागतात : रांगेचे नाव, प्रिंटरचा पत्ता आणि प्रिंटरची भाषा. हे काम ‘एलपीॲडमिन’ या आज्ञेने होते, किंवा त्याच संगणकावरील ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ हे नाव व पुढे ६३१ हा क्रमांक लिहून उघडणाऱ्या पानावरून होते. नावात मोकळी जागा चालत नाही. नाव प्रिंटरच्या कंपनीवरून न ठेवता जागेवरून ठेवावे. यंत्र दोन-चार वर्षांनी बदलते. ‘आवक-शाखा’ किंवा ‘मुख्याध्यापक’ ही जागा बदलत नाही.

पत्त्याबरोबर द्वारही सांगावे लागते. नेटवर्कच्या भाषेत त्याला पोर्ट म्हणतात. जुन्या बर्कली पद्धतीचे द्वार ५१५, मजकूर जसाच्या तसा ओतण्याचे द्वार ९१००, आणि नव्या इंटरनेट मुद्रण पद्धतीचे, म्हणजे आयपीपीचे, द्वार ६३१. प्रिंटर नवा असेल तर ६३१ निवडावे, असा माझा अनुभव सांगतो. त्या वाटेने प्रिंटर केवळ ऐकत नाही, बोलतोही. कागद संपला, झाकण उघडे आहे, हे तो संगणकास कळवितो. शिवाय अशा प्रिंटरला वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही. भाषेच्या जागी ‘एव्हरीव्हेअर’ असे लिहिले की भागते. ड्रायव्हरच्या तबकड्या शोधत फिरण्याचे दिवस त्यामुळे बरेचसे मागे पडले आहेत. जुन्या प्रिंटरला अर्थातच त्याच्या जातीचा ड्रायव्हर हवा.

भाषा चुकली तर काय होते ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. एक दाखला मागावा आणि यंत्राने पानामागून पान ओकत सुटावे, प्रत्येक पानावर एखाददुसरी ओळ, तीही अगम्य चिन्हांची. ती चिन्हे म्हणजे प्रिंटरला दिलेल्या सूचना असतात. त्याला त्या न समजल्याने तो त्या मजकूर म्हणून छापत बसतो. अशा वेळी घाबरून प्रिंटरचे बटण बंद केले जाते. बटण पुन्हा चालू करताच प्रवाह पुन्हा सुरू होतो, कारण काम रांगेत शिल्लकच असते. आधी संगणकावर ‘कॅन्सल’ आज्ञेने काम रद्द करावे, त्यानंतर प्रिंटर बंद करून चालू करावा. क्रम उलटा केला की रिमभर कागद गेलाच म्हणून समजा. याच जातीचा आणखी एक दोष म्हणजे जिना. युनिक्समध्ये ओळ संपल्याची खूण एकच असते. काही प्रिंटरांना ‘खाली उतर’ आणि ‘डावीकडे परत ये’ अशा दोन खुणा लागतात. साधा मजकूर अनुवादकाविना थेट पाठविला की प्रत्येक ओळ आधीच्या ओळीच्या शेवटाखाली सुरू होते आणि पानावर पायऱ्या उमटतात. यंत्र बिघडलेले नसते. रांगेला प्रिंटरची योग्य भाषा सांगितली की जिना मोडतो.

शिक्षक मंडळींना मराठीची अडचण अधिक भासते. प्रश्नपत्रिका पडद्यावर उत्तम दिसते आणि कागदावर चौकटी येतात, किंवा वेलांटी आपल्या अक्षराला सोडून शेजारच्याला जाऊन चिकटते. एके काळी तर प्रिंटरच्या पोटात देवनागरी अक्षरेच नसत, आणि आपल्या लिपीसाठी वेगळी यंत्रणा जोडावी लागे. त्या कामी पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट गटाने केलेली कामगिरी आजच्या पिढीला फारशी ठाऊक नाही, हे थोडे खटकते. आज अक्षरे संगणक स्वतः रेखाटून प्रिंटरला चित्ररूपाने देऊ शकतो. म्हणून मराठी मजकूर आधी पीडीएफ स्वरूपात जतन करावा आणि ती फाइल उघडून पाहावी. तेथेच वेलांटी चुकली असेल तर दोष लेखनाच्या कार्यक्रमात किंवा टंकात आहे. प्रिंटरवाल्याला बोलावून उपयोग नाही. पीडीएफ निर्दोष असून कागद चुकला तरच पुढे शोधावे.

दोष शोधण्याची ही रीत ग्रामपंचायत सदस्यांना परिचित असेल. नळाला पाणी आले नाही म्हणून आपण तोटी बदलीत नाही; पंप चालू आहे का, टाकी भरली का, कोणती झडप बंद आहे हे विचारीत जातो. येथेही प्रिंटरपासून मागे मागे यावे. प्रिंटर स्वतःचे पान छापतो का? छापत असेल तर टोनर, कागद व रोलर यांचा विषय मिटला. मग पत्ता जुळतो का, ओ येते का. मग रांगेची दोन्ही दारे. एवढे होऊनही कागद येत नसेल तर कप्सची दैनंदिनी उघडावी. ‘व्हार’मधील ‘लॉग’, त्यातील ‘कप्स’ या कप्प्यात ‘एरर लॉग’ नावाची फाइल असते. तिच्यातील इंग्रजी रूक्ष असले तरी तिच्या शेवटच्या काही ओळींत कारण सापडण्याचा संभव असतो. बाहेरच्या जाणकाराला फोन करताना त्या ओळी वाचून दाखवाव्यात. ‘काहीच होत नाही’ या वाक्यावरून त्यालाही काही कळत नाही.

एक अडचण मात्र यंत्राची नसून माणसांची आहे. थांबलेली रांग चालू करण्याचा अधिकार प्रत्येक वापरकर्त्यास नसतो. डेबियन कुळातील प्रणालींत तो ‘एलपीॲडमिन’ याच नावाच्या गटातील सदस्यांना असतो. जुना संगणकचालक बदलून गेला, नव्याचे खाते उघडले, पण त्याचे नाव गटात घातलेच नाही, असे घडते. मग त्याला दोष दिसतो आणि दूर करता येत नाही. कार्यभार देताना किल्ल्यांची यादी आपण लिहून घेतो. तिच्यात ही नोंदही असावी.

सुरक्षिततेबद्दल थोडेच सांगतो, पण ते हलके समजू नये. २६ सप्टेंबर २०२४ रोजी कप्सशी निगडित कार्यक्रमांतील काही गंभीर त्रुटी जगजाहीर झाल्या. बाहेरचा माणूस ६३१ या द्वारातून खोटा प्रिंटर उभा करून, कोणी त्यावर काही छापताच संगणकाकडून आपली आज्ञा पाळून घेऊ शकेल, अशी ती वाट होती. दुरुस्त्या निघाल्या आहेत, त्या बसवाव्यात. प्रिंटर कधीही थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नये. छापून झालेल्या कामाची प्रतही काही काळ संगणकात राहू शकते. जातीचा दाखला, बँक खाते, आधार क्रमांक असलेला कागद कोणाचा आहे हे लक्षात घेता, संगणक विकताना किंवा दुरुस्तीस पाठविताना या गोष्टीचा विचार झाला पाहिजे.

आता शेवटचे, नोंदवहीविषयी. प्रत्येक प्रिंटरजवळ एक पुठ्ठा टांगावा. त्यावर रांगेचे नाव, राखून ठेवलेला पत्ता, द्वार आणि रांग चालू करण्याची आज्ञा मोठ्या अक्षरांत लिहावी. पत्ता मात्र पेन्सिलीने लिहावा. राउटर बदलला की तोही बदलावा लागतो. सोबतच्या वहीत बिघाडाची तारीख, दिसलेले लक्षण आणि सापडलेले कारण अशी एक ओळ लिहीत जावे. शक्य असेल तेथे खाली, त्या दिवशी किती जणांना रिकाम्या हाताने परत जावे लागले, तो आकडाही लिहावा. या सूचनेवर एका सहकाऱ्याने मला, “साहेब, ही वही तपासणीत आमच्याच अंगावर येईल,” असे सांगितले होते. त्याचे म्हणणे खोटे नाही. तरीही मी ती सूचना मागे घेतलेली नाही.

चहा झाल्यावर आपण शेजारच्या खोलीत जाऊ. तेथे एक संगणक आणि एक प्रिंटर जोडून ठेवला आहे. मी राउटर बंद करून चालू करीन, रांग थांबवीन आणि बाहेर जाऊन उभा राहीन. आपल्यापैकी ज्यांनी आजवर संगणकाला हात लावला नाही, त्यांनी आधी पुढे यावे.